शहाणपण असणं आणि ते देता येणं

अडाणकाठ

खूप दिवसांपासून मनात आहे ते आज लिहून टाकतो.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, गेल्या वैशाखात गेले. चौथी शिकलेले. पण चाळीसेक वर्षं गावातली भांडणं आमच्या ओसरीवर येत होती. कोणी धुरा (शेताचा बांध) कोरला, कोणी पांधण (शेतात जायची वाट) अडवली, सामाईक आंब्याचा पाड कोणाचा, लेकीला सासरी परत पाठवायचं की नाही. तहसिलीत जाण्याआधी लोक मोठ्या बाबांकडे यायचे, आणि बरेचसे मग तहसिलीत जायचेच नाहीत.

एक उदाहरण देतो. दोन सख्खे भाऊ, एक सामाईक विहीर. मोटारीच्या पाळीवरून डोकी फुटायची वेळ आली होती. थोरला म्हणायचा, धाकटा पाणी जास्त ओढतो. मोठ्या बाबांनी तीन दिवस काहीच सांगितलं नाही. रोज दोघांना चहा पाजून परत पाठवलं. चौथ्या दिवशी म्हणाले, "आठ दिवस तू त्याच्या वावरात पाणी दे, तो तुह्या वावरात देईन." पाचव्या दिवशी थोरला स्वतःच आला. धाकट्याचं वावर लांब, मधला पाट उंदरांनी पोखरलेला, अर्धं पाणी बिळात जिरायचं. दोघांनी मिळून पाट लिंपला. भांडण संपलं.

मी तेव्हा विशीत होतो. विचारलं, मोठे बाबा, हे तुम्हाले सुचलं कसं? म्हणाले, "सुचलं बाप्पा. आता कसं सुचलं ते कसं सांगू?" नंतरही दोनचारदा विचारलं. दरवेळी हेच उत्तर.

आणि त्यांची स्वतःची दोन मुलं, माझे चुलतभाऊ, घराच्या हिश्शावरून आज कोर्टात आहेत.

दुसरीकडे गावातले एक निवृत्त गुरुजी. समजावून सांगावं तर त्यांनीच. रागावर ताबा कसा ठेवावा, पैसा कसा सांभाळावा, माणूस कसा ओळखावा, त्यांच्या तोंडून ऐकलेलं मला आजही उपयोगी पडतं. पण त्यांच्याच निवृत्तीचे पैसे, दामदुप्पट देतो म्हणणाऱ्या एका माणसाच्या नादी लागून गेले.

माझा प्रश्न खरा आहे, वादासाठी काढलेला नाही. शहाणपण ही एक गोष्ट आणि ते दुसऱ्याला देता येणं ही अगदी वेगळी गोष्ट, असं आहे का? की मोठ्या बाबांकडून घेण्यात मीच कमी पडलो?

---

वरदा

अडाणकाठ दादा, मी कनिष्ठ महाविद्यालयात संस्कृत शिकवते. तुमचा प्रश्न फार जुना आहे, आणि गंमत म्हणजे त्याचा आपल्या विदर्भाशी संबंध आहे.

कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकाची नायिका मालविका ही विदर्भाची राजकन्या. पुढे त्या नाटकात विदर्भाच्या राज्याची दोन भावांत वाटणी होते आणि मधली सीमा ठरते वरदा, म्हणजे आपली वर्धा नदी. (माझं इथलं नाव तिथूनच घेतलं आहे.) पहिल्या अंकात गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य, श्रेष्ठ कोण यावरून भांडत राजासमोर येतात. तेव्हा परिव्राजिका, म्हणजे राजवाड्यातली संन्यासिनी, जे सांगते ते थोडक्यात असं: कोणाची कला त्याच्या स्वतःच्या ठायी उत्तम असते, कोणाचं वैशिष्ट्य ती दुसऱ्यात उतरवण्यात असतं. ज्याला दोन्ही साधतं त्यालाच शिक्षकांत पहिलं स्थान द्यावं. उतरवण्यासाठी मूळ श्लोकात शब्द आहे 'संक्रान्ति'. सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जातो, तसं एका माणसातलं दुसऱ्या माणसात जाणं.

पुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ही परीक्षा गुरूंना नाचायला लावून होत नाही. शिष्येला नाचायला लावून होते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, दोन्ही वेगळी आहेत. मोठ्या बाबांत पहिलं होतं, गुरुजींत दुसरं. यात तुमचा दोष नाही.

---

सोयाबीन_तूर

मोठे बाबा एवढे शहाणे होते तर घरचीच मुलं कशी भांडली? ज्याला घर सांभाळता आलं नाही त्याला शहाणं कसं म्हणायचं? राग मानू नका, पण हा प्रश्न विचारायलाच हवा.

---

अडाणकाठ

राग नाही. हाच प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. पण मी त्यांना चाळीस घरं जोडताना पाहिलं आहे. ते खोटं होतं असं मला म्हणता येत नाही.

---

वरदा

सोयाबीन_तूर, हा आक्षेप सॉक्रेटिसाच्या तोंडी प्लेटोनं फार पूर्वीच घातला आहे. 'मेनो' नावाच्या संवादात तो अथेन्समधल्या नामवंतांची नावं घेतो. थेमिस्टोक्लिसनं मुलाला घोडेस्वारी अशी शिकवली की पोरगा घोड्यावर सरळ उभा राहून भाले फेकायचा. पण बापाची समज त्याच्यात आली, असं कोणी ऐकलं का? पेरिक्लिसच्या मुलांचंही तेच. या बापांना मुलांचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं, पैशाची आणि शिक्षकांची कमी नव्हती. घोडेस्वारी देता आली, शहाणपण नाही.

म्हणजे मुलगा भांडला यावरून बाप शहाणा नव्हता हे ठरत नाही. ते देणं अवघड आहे एवढंच ठरतं.

---

झाडीपट्टीचा

माझं गाव नागभीड तालुक्यात. वरदाताईंचं पटतं, पण अर्धं.

आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन जेमतेम दीड एकर. १९८३ मध्ये 'पटेल ३' धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या बाजूला काढून जपल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या, परत निवडल्या, परत पेरल्या. त्यातून जो बारीक तांदूळ आला तो एचएमटी. त्या काळी या नावाच्या घड्याळांची चलती होती, तेच नाव धानाला पडलं. आज तो तांदूळ कुठकुठल्या राज्यांत खातात. पुढे त्यांनी आणखी वाण काढले. २०१८ च्या जूनमध्ये ते गेले.

आता सांगा, दादाजींनी दिलं की नाही दिलं? शाळा काढली नाही, भाषणं दिली नाहीत. त्यांचं जाणतेपण बियाण्यात उतरलं आणि बियाणं ओंजळीओंजळीनं गावोगाव गेलं.

पण माझ्याच मनात याच्या उलटही येतं. धान सगळ्यांनी घेतला. हजार लोंब्यांत तीन वेगळ्या दिसण्याची ती नजर कोणी घेतली? मी स्वतः एचएमटी लावतो. माझ्या बांधीत कितीदा वेगळी लोंबी आली असेल, मला नाही दिसली. फळ मिळालं, नजर नाही मिळाली. अडाणकाठ भाऊ, तुमच्या गावातही मोठ्या बाबांचे निवाडे राहिलेच असतील, लोक आजही त्या वाटणीप्रमाणे पाणी देत असतील. नसेल राहिला तो निवाडा करणारा डोळा.

---

बुटीबोरी_शिफ्ट

मोठे बाबा सांगू का शकले नाहीत याचं एक कारण सुचतं. १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक साधा प्रयोग केला होता. एकानं सर्वांना माहीत असलेल्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, दुसऱ्यानं गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्म्या वेळा तरी ओळखतील. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात सूर, शब्द सगळं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक ऐकू येते.

"सुचलं बाप्पा" ही तशीच टकटक असावी. आपल्या डोक्यात गाणं चालू आहे हे त्यांना कळतच नसणार.

---

मोहफूल

मी गडचिरोली जिल्ह्यात नर्स होते, आता निवृत्त. वरच्या प्रतिसादाला जोडून सांगते. ही टकटक ओलांडता येते, मी पाहिलं आहे. पण ती ओलांडण्याचं काम जाणकारानं स्वतःच्या अंगावर घ्यावं लागतं.

लहान बाळाला न्यूमोनिया झाला की नाही हे ओळखायची साधी खूण म्हणजे श्वास मोजणं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतल्या बाळाला पन्नास. डॉक्टरला हे सोपं. पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नसेल तर? घड्याळही वाचता येत नसेल तर? आपण म्हणून मोकळे होतो की हिला शिकवून उपयोग नाही.

इथं डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं दाईला दोष दिला नाही, मोजणंच बदललं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. कधी शाळेत न गेलेल्या बायकांनी यावर रोग अचूक ओळखले.

मला त्यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते मण्यांच्याही आधीचं. ही बाई नेमकी कुठे अडते, हे कोणीतरी तिच्या शेजारी बसून पाहिलं. शिकवण्याची कला म्हणतात ती मला वाटतं तीच, समोरचा कुठे अडला ते दिसणं. आणि हे दिसणंसुद्धा शहाणपणच आहे. त्याला वेगळी, कमी दर्जाची हातोटी म्हणू नका.

मात्र एक कबूल करते. श्वास मोजणं देता आलं. पण सासूसमोर सून खरं बोलणार नाही, तिला पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर काढून विचारायचं, हे मला एका म्हाताऱ्या दाईनं दाखवलं. मी नव्या मुलींना ते कितीदा सांगितलं. वहीत लिहून घ्यायच्या, आणि घरात गेल्या की सासूसमोरच विचारायच्या. त्याचे मणी करता आले नाहीत मला.

---

राऊळांचे_गाव

रिद्धपूरच्या शेजारच्या गावातून लिहितो. आम्ही परंपरेनं महानुभाव. या धाग्यात रिद्धपूर आलं नाही तर मला चैन पडणार नाही.

गोविंदप्रभूंना आम्ही राऊळ म्हणतो. ते रिद्धपुरात वेड्यासारखे राहायचे. कुठेही जावं, काहीही उचलून खावं, हसावं, रुसावं, लेकरासारखं. प्रवचन नाही, उपदेश नाही. 'राऊळ माय, राऊळ बाप' म्हणत लोक त्यांच्याजवळ यायचे. तुमच्या प्रश्नाच्या भाषेत, असणं होतं, सांगणं नव्हतं.

चक्रधरस्वामींना त्यांच्याकडूनच शक्ती मिळाली असं आम्ही मानतो. आणि स्वामी बोलले! साध्या मराठीत, बायकांशी, म्हाताऱ्यांशी, कोणत्याही जातीच्या माणसाशी, रोजच्या जगण्यातले दृष्टान्त देऊन. आंधळे हत्ती चाचपतात तो दृष्टान्त त्यांत आहे. कोणी पाय धरून खांब म्हणतो, कोणी कान धरून सूप म्हणतो.

पण स्वामी लिहून ठेवणारे नव्हते. ते गेल्यावर म्हाइंभटांनी माणसामाणसाकडे जाऊन आठवणी गोळा केल्या. कोणी काय पाहिलं, कोणी काय ऐकलं. त्यातून लीळाचरित्र उभं राहिलं, तेराव्या शतकात. केशिराजांनी दृष्टान्त वेगळे काढून मांडले, ११४. आणि नागदेवाचार्यांनी मंडळी एकत्र ठेवली. केशिराज संस्कृत पंडित, त्यांना संस्कृतात लिहायची हौस. नागदेवाचार्यांनी अडवलं. म्हणाले, तसं केलंत तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील. अर्थ असा की ज्यांच्यासाठी हे सांगितलं, त्यांच्याच हातून ते जाईल.

आता मोजा. एक नुसता असणारा, एक सांगणारा, एक गोळा करणारा, एक मांडणारा, आणि एक कोणासाठी आहे हे न विसरणारा. पाच माणसं लागली. आपण ही पाचही कामं एका माणसाकडून मागतो आणि मग म्हणतो, मोठ्या बाबांना शिकवता आलं नाही.

अडाणकाठ भाऊ, तुमच्या गावात राऊळ होते. म्हाइंभट कोण होतं?

---

अडाणकाठ

हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. मी दोनचारदा विचारलं, तेही चार शब्दांत. ज्यांची भांडणं मिटली त्यांतल्या एकालाही जाऊन विचारलं नाही.

---

धानोरा_रोड

छोटासा मुद्दा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा सगळ्यांना माहीत आहे, 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार'. पण त्यांचा अभ्यासगट तितका माहीत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीनं. अभ्यासगट निर्णय घेत नाही. तो नुसता बसून एखादा विषय खोदतो, बाहेरचा जाणकार असेल तर त्यालाही बोलावतो. तिथे कोणी कोणाला शहाणं करायला बसलेलं नसतं. मला वाटतं 'कोण शिकवतो' हा प्रश्न तिथे मागे पडतो. मोठ्या बाबांच्या ओसरीवर निवाडा व्हायचा, पण निवाडा झाल्यावर 'असं का केलं' यावर बोलायला कधी कोणी बसलं का?

---

दर्यापुरी

वय ७६. टंकायला वेळ लागतो, चुकभूल द्यावी.

माझ्या वडिलांनी गाडगेबाबांचं कीर्तन ऐकलेलं. ते सांगायचे, बाबा गावात आले की आधी खराटा. दिवसभर गाव झाडायचं, रात्री कीर्तन. आणि कीर्तनात बाबा सांगत कमी, विचारत जास्त. देवाला कापलेलं बकरं देव खातो का? लोक म्हणायचे, नाही. मग कोण खातं? लोक हसायचे, आणि उत्तर स्वतःच द्यायचे. वडील म्हणत, बाबांनी मला काही शिकवलं असं मला वाटलंच नाही, मीच बोललो असं वाटलं. त्यांनी नवसाचं बकरं तेव्हापासून बंद केलं ते कायमचं.

म्हणून 'वेगळं आहे' हे मला मान्य नाही. बाबांचं झाडणं आणि विचारणं यांच्यात मला फट दिसत नाही. ज्यानं दिवसभर माझ्या दारातला उकिरडा उपसला, त्याच्या प्रश्नाला मी खोटं उत्तर देऊ शकत नाही. तेच शब्द दुसऱ्या कोणी विचारले असते तर वडील उठून गेले असते.

---

सोयाबीन_तूर

दर्यापुरी काका, हे पटलं. अडाणकाठ, माझा वरचा प्रतिसाद कठोर होता. मीही माझ्या भावाशी बोलत नाही, त्यातून लिहिला गेला.

---

पानगा

सगळं वाचलं. एकही प्रतिसाद देणाऱ्याला विचारावंसं वाटलं नाही म्हणून विचारते. ओसरीवर निवाडा चालायचा तेव्हा घरातल्या बायका कुठे होत्या?

मी सांगते कुठे होत्या. माजघराच्या दाराआड. चहा करत, आणि शब्दनशब्द ऐकत. माझी आजेसासू अशीच होती. आजोबांचं नाव पंचक्रोशीत. पण रात्री जेवताना ती एवढंच म्हणायची, "त्या माणसाची बायको दोन महिन्यांपासून माहेरी हाय, ते पाहा आधी." आणि दुसऱ्या दिवशी आजोबांना 'सुचायचं'.

दादा, तुमची मोठी आई आहे का?

---

अडाणकाठ

आहे. एक्क्याऐंशी वर्षांची. मी कधीच विचारलं नव्हतं. उद्या जातो.

---

अडाणकाठ

चार दिवसांनी लिहितो आहे.

मोठी आई धाकट्या चुलतभावाकडे राहते. कापसाची वेचणी चालू आहे, ती अजूनही सावलीला बसून बोंडं सोलते. मी मोबाईल काढून रेकॉर्ड करायला बसलो तर गप्प झाली. म्हणाली, "हात चालले तर गोठ चालते. बस, बोंडं घे." मग बोंडं घेतली.

विहिरीच्या भांडणाचं विचारलं. हसली. पाट फुटला आहे हे तिलाच माहीत होतं. गवताला जायची तेव्हा बिळापाशी ओल दिसायची, एरवी कोरड्या ठिकाणी हिरवं गवत उगवलेलं. तिनं पहिल्याच रात्री मोठ्या बाबांना सांगितलं होतं. मी विचारलं, मग तीन दिवस काहून थांबले? थेट सांगून टाकायचं, पाट फुटला हाये.

तिचं उत्तर जसंच्या तसं देतो. "सांगतलं असतं तं थोरला म्हनला असता, तुमी धाकट्याकडून बोलता. आन तीन दिवस काहून, तं पह्यल्या दिवशी मानूस भांडाले येते, दुसऱ्या दिवशी आयकवाले येते, तिसऱ्या दिवशी थकून येते. थकला का मंग काम सांगा लागते, न्याव नाई."

मोठ्या बाबांना हे बोलून दाखवता येत नव्हतं की त्यांनी दाखवलं नाही, मला माहीत नाही. मी तिला विचारलं, हे तुले कोणं शिकवलं? ती म्हणाली, तिच्या सासूनं. जात्यावर बसून. शिकवलं नाही, रोज दळताना गावातल्या एकेका घराची गोष्ट निघायची आणि सासू विचारायची, तू असतीस तं काय केलं असतं?

मग मी धीर करून मुलांचं विचारलं. खूप वेळ बोंडं सोलत राहिली. म्हणाली, लोकांची भांडणं होती तेव्हा ते दोघे रात्री तिच्याशी बोलायचे. स्वतःच्या पोरांचं आलं तेव्हा मोठे बाबा बोललेच नाहीत. "बापाले लाज वाटे. आन मले कोनी इचारलं नाई."

मी दोन्ही चुलतभावांना फोन केला आहे. कोर्टाचं काही बोललो नाही. थोरल्याला एवढंच सांगितलं, रविवारी धाकट्याच्या वावरात वेचणीला माणूस कमी आहे, मोठी आई तिथे बसून असते, ये. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. पांधणीच्या भांडणाची गोष्ट तिनं रविवारसाठी राखून ठेवली आहे.

---

राऊळांचे_गाव

वही घेऊन जा भाऊ. पण लिहायचं घरी आल्यावर. तिच्यासमोर बोंडंच सोला.